हजेरीपटावरच्या दोन सह्या

कोथरूड, पुणे
रविवार, १५ जून २०२५

तीर्थस्वरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

उद्यापासून नव्या ऑफिसात रुजू होत आहे, असे मी गुरुवारी रात्री फोनवर सांगितले, तेव्हा बाबा, तुम्ही फक्त "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तुमच्या "बरं"चे प्रकार मला लहानपणापासून ठाऊक आहेत. दहावीच्या निकालाच्या दिवशीचे वेगळे होते आणि मी सायन्स सोडून कॉमर्सला जाते म्हणाले, त्या दिवशीचे वेगळे होते. गुरुवारचे दुसऱ्या जातीतले होते, म्हणून हे पत्र. फोनवर समजावू लागले की माझा आवाज चढतो, मग आई मध्ये पडून "जाऊ दे, जेवलीस का?" असे विचारते आणि मुद्दा तिथेच राहतो.

आधी माझी चूक कबूल करते. ३१ मे ते १० जून मी वाईला तुमच्याजवळ होते, रोज संध्याकाळी आपण गणपती घाटावर जाऊन बसत होतो, आणि त्या अकरा संध्याकाळींत एकदाही मला हे सांगता आले नाही. निर्णय तर त्याच्याही आधी झाला होता. मी पूर्ण जून महिना रजेवर आहे आणि तो तुमच्याकडेच काढणार आहे, असे मी मे महिन्यात म्हटले होते, त्यावरून आईने माझ्यासाठी माडीवरची खोली लावून ठेवली, गादीला ऊन दिले, कुरडयांचा डबा वरच्या फडताळातून खाली काढून ठेवला. ते सगळे पाहिल्यावर, अर्धीच रजा तुमच्या वाट्याला येणार आहे, हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. आई, तू दहाव्या दिवशी बॅग भरताना काही बोलली नाहीस, फक्त डबा दुपटीने भरलास. तो मी अजून उघडलेला नाही.

आता बाबा, तुमचा प्रश्न. तो तुम्ही विचारला नाहीत, पण मला तो ऐकू आला. पिंपरीला एकतीस वर्षे टाइम ऑफिसमध्ये कामगारांच्या हजेऱ्या घेत काढलेल्या माणसाला असे कसे विचारावेसे वाटणार नाही, की जुन्या कंपनीच्या पटावर नाव ३० जूनपर्यंत आहे, पगारी रजा चालू आहे, आणि ही मुलगी १६ तारखेला दुसरीकडे सही कशी करते? "एका माणसाची एका दिवशी दोन मस्टरवर सही नसते," हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकले. प्रेसशॉपमधल्या काकांचे प्रकरणही तुमच्या मनात आले असणार. मी तेव्हा चौथीत होते. त्यांनी बहिणीच्या लग्नाची रजा टाकली होती आणि ते भोसरीच्या एका शेडमध्ये काम करताना सापडले, एवढेच मला कळले होते. तुम्हांला रिपोर्ट लिहावा लागला, त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत, आणि आईने झाकून ठेवलेले ताट सकाळी तसेच होते. मी तेव्हा तुम्हांला भीत भीत विचारले होते, की ते काका वाईट आहेत का. तुम्ही म्हणालात, "वाईट नाहीत, त्यांनी विचारलं नाही."

मी विचारले आहे, बाबा. अगदी याच वाक्यामुळे विचारले आहे. माझ्या नेमणूकपत्रात एक कलम होते, की सेवेत असेपर्यंत लेखी परवानगीशिवाय दुसरी नोकरी वा कामधंदा करता येणार नाही. आणि रजेवरचा माणूस सेवेतच असतो, हे मला तुमच्या घरात वाढल्यामुळे कोणी वेगळे सांगायची गरज नव्हती. तुमच्या कारखाने अधिनियमातले कलम ६०, म्हणजे एका दिवशी एका कारखान्यात काम केलेल्याला दुसऱ्या कारखान्यात कामावर घ्यायचे नाही ते, माझ्यासारख्या ऑफिसातल्या माणसाला लागू नाही, म्हणून मी करारावर जास्त लक्ष दिले. १२ मे रोजी मी जुन्या कंपनीला पत्र लिहिले, त्यात नव्या कंपनीचे नाव, कामाचे स्वरूप आणि १६ जून ही तारीख स्पष्ट लिहिली. नऊ दिवसांनी उत्तर आले, की नवी कंपनी आपली प्रतिस्पर्धी नाही आणि ग्राहकही नाही, तेव्हा हरकत नाही. लॅपटॉप आणि कागदपत्रे ३० मे रोजी जमा करावीत आणि जुन्या कामाची कोणतीही माहिती पुढे वापरू नये. पहिले मी केले आणि दुसरे पाळते आहे. नव्या कंपनीलाही सगळे ठाऊक आहे. कार्यमुक्तीचे पत्र जुलैत मिळेल हे तिने लेखी मान्य करूनच मला रुजू व्हायला बोलावले. तेव्हा दोन मस्टरवर सही आहे खरी, पण दोन्ही टाइम ऑफिसांना दुसरी सही दिसते आहे. (प्रेसशॉपमधल्या काकांना असा अर्ज करण्याची सोय होती का, हा विचार मात्र मला हल्ली छळतो. त्यांनी विचारले असते, तरी "नाही"च म्हटले गेले असते.)

मग १३ जूनलाच जुनी नोकरी का संपवली नाहीस, असे तुम्ही म्हणाल. जुनी कंपनी सोडायला तयार होती. पण मी रुजू झाले ती १ जुलै २०२०. आठवते ना, टाळेबंदीतले दिवस; लॅपटॉप कुरिअरने वाईला आला होता, आणि बाबा, तुम्ही तुमचे शिसवी टेबल मला दिलेत, वर स्वतः पितळी पट्टीने त्यावर माझ्या कागदांची जागा आखून दिलीत. ग्रॅच्युइटी मिळायला लागणारी पाच वर्षे ३० जूनला पुरी होतात. शेवटचे मूळ वेतन ५२,००० धरले, तर २६ ने भागून १५ ने गुणायचे, वर्षाला ३०,००० होतात, पाच वर्षांचे दीड लाख. पाचव्या वर्षी २४० दिवस भरले की पुरे, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पण आमचा हिशेब विभाग तो मानेना, आणि जाताजाता कोर्टाची भाषा करण्याची माझी वृत्ती नाही. मंजूर रजा अखंड सेवेतच धरली जाते, हा नियम तर तुम्हीच मला शिकवलात. जून महिन्यात कामाचे दिवस बरोबर २१, आणि माझी शिल्लक रजा ३३ दिवसांची. त्यातली २१ लावली, बाकीच्या १२ दिवसांचे पैसे मिळतील. पहिले दहा दिवस विश्रांतीत आणि वाईला गेले, उरलेले अकरा दोन्हीकडे धरले जातील. नव्या ऑफिसात जिच्या जागी मी जाते आहे ती २७ तारखेपासून प्रसूती रजेवर जाणार, तिच्याकडून काम समजून घ्यायला तेवढे दोनच आठवडे मिळतात; त्यांना जुलैपर्यंत थांबा म्हणणे शक्य नव्हते.

दुसरे कारण सांगताना आई, तू लगेच डोळ्यांत पाणी आणू नकोस, डॉक्टरांनी नको म्हटले आहे. तुझे नाव जुन्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहे आणि तो मी पटावर असेपर्यंतच चालतो. नव्या कंपनीत तुम्हां दोघांची नावे चढायला महिना तरी लागेल. उजव्या डोळ्याचे ऑपरेशन २८ जूनला शनिवारी ठरले आहे, म्हणजे ते जुन्याच कार्डावर होईल. मी हे तुझ्यासाठी केले असे मुळीच नाही; हिशेब ग्रॅच्युइटीचा होता, तुझा डोळा त्यात आपोआप बसला. उलट तुझ्यामुळे मला तारीख पक्की करता आली.

भविष्य निर्वाह निधीची काळजीही सोडा. खाते क्रमांक एकच आहे, जून महिन्यात दोन्हीकडची वर्गणी जमा होईल आणि नोंदीत पंधरा दिवस एकमेकांवर चढलेले दिसतील. पूर्वी अशा नोंदीवरून रक्कम वर्ग करण्याचे अर्ज अडत. सेवाकाळ एकमेकांवर चढला एवढ्यावरून अर्ज फेटाळू नयेत, असे निधी संघटनेने गेल्या महिन्यातच आपल्या कार्यालयांना कळवले आहे. आयकराचे एवढेच, की दोन्ही कंपन्या ७५,००० ची प्रमाणित वजावट धरतील, म्हणून जुन्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला फॉर्म १२बी भरून देणार आहे. दोन फॉर्म १६ मिळतील, ते एकाच पाकिटात ठेवीन. पाकिटावर वर्ष लिहीन. लाल शाईने.

नव्या नोकरीत मला त्रास होणार नाही, हे खरोखर मानून घ्या. हिंजवडीच्या बसमध्ये रोज जायचे-यायचे तीन तास जात होते. आता वनाझला मेट्रोत बसले की कल्याणीनगरला उतरायचे, गाडी बदलायची नाही, पाऊण तासाच्या आत ऑफिस. बसायला जागा मिळते, डब्यात एसी असतो, बाबांच्या भाषेत सांगायचे तर गाडी पंचिंगच्या आधी पोहोचते. सकाळचा डबा पोळ्यावाल्या मावशी करून देतात, संध्याकाळी साडेसातला मी घरात असते. रात्री उशिरा फोन आला नाही, तर मी झोपलेली असेन, आजारी नसेन.

आता मी सांगते ते ऐका. २० ते २२ जून पुण्यात येण्याचा विचारही करू नका. दोन्ही पालख्या शहरात मुक्कामाला आहेत, रस्ते बंद असतील, आणि बाबा, वारीचे दर्शन या वर्षी टीव्हीवर. गुरुवारी, २६ तारखेला, सकाळच्या एसटीने निघा. दोघांनाही अर्धे तिकीट आहे, तेव्हा जीपने येण्यात काटकसर नाही. स्वारगेटला उतरल्यावर तिथेच बसा, मी ऑफिसात असेन, पण बिबवेवाडीची मावशी रिक्षा घेऊन येईल. मेडिक्लेमचे कार्ड, आधार, डाव्या डोळ्याच्या वेळचा डिस्चार्जचा कागद आणि उपाशीपोटी साखरेचा ताजा रिपोर्ट पिशवीत वर ठेवा, तळाशी नव्हे. आईने रक्तदाबाची गोळी त्या दिवशीही घ्यायची की नाही हे डॉक्टरांना आधीच विचारा. मागच्या वेळी तू तुझ्या मनाने सोडलीस आणि आम्ही सगळे तासभर बाकावर बसलो. ऑपरेशननंतर वाकायचे नाही, बादली उचलायची नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, चुलीजवळ जायचे नाही. सोमवारी मी कामावर असेन, तेव्हा मावशी दिवसभर थांबणार आहे आणि तिला "तू जा, मी बघते" असे म्हणायचे नाही. बाबा, थेंबांचा तक्ता तुम्ही फ्रिजवर लावायचा. प्रत्येक वेळेसमोर तुमची सही, आणि आईने एखादी वेळ चुकवली तर गैरहजेरीचा शेरा. या कामाला आपल्या घरात तुमच्याइतका अनुभवी माणूस नाही.

पंधरा दिवसांचा दुहेरी पगार येईल, त्याबद्दल मला अजून नीटसे काय वाटते ते कळत नाही. रजा माझ्या कमाईची आहे, काम नवे आहे, दोन्हीचे कागद आहेत; तरी खात्यात ती रक्कम दिसेल तेव्हा मी तुमच्याकडे चोरून बघेन, लहानपणी बरणीतला लाडू घेताना बघायची तशी. माडीवरचे पत्रे पावसाळा संपल्यावर बदलायचे आहेत. त्याला आत्ता "नको" म्हणू नका. "हो" पण नको. गेल्या वर्षी माडीत परातीत पडलेल्या थेंबांचे आवाज मी दहा रात्री ऐकले आहेत, एवढे लक्षात ठेवा.

गुरुवारी गाडी सुटली की फोन करा. खंबाटकीच्या बोगद्यात रेंज जाते, म्हणून त्याच्या आधीच करा. आणि बाबा, फोन तुम्हीच करा, आईकडे देऊ नका. मीटिंगमध्ये असले तरी उचलेन. "बरं" सोडून काहीही बोला.

तुमची लाडकी,
ठकू