काढा नव्हे, फांट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अठराव्या शतकातला इंग्रज डॉक्टर विल्यम विदरिंग आणि फॉक्सग्लोव्ह ही औषधी वनस्पती यांच्यावरचा लेख वाचला. हटन नावाच्या म्हातारीचा गुप्त काढा देऊन विदरिंगने जलोदर, म्हणजे अंगात पाणी साठून येणारी सूज, बरा केला, असे त्यात आहे. दोन्ही तपशील दुरुस्त करायला हवेत.

म्हातारी होती, एवढे खरे. इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या एका बाईचे जलोदरावरचे पिढीजात औषध १७७५ साली विदरिंगकडे मत मागायला आले. त्यात विसेक वनस्पती होत्या आणि ते घेतले की उलट्या-जुलाब सणकून व्हायचे. त्यातले कामाचे पान फॉक्सग्लोव्हचे, हे त्याने हेरले. बाईचे नाव मात्र त्याने कुठेच दिलेले नाही. ‘मदर हटन’ ही विसाव्या शतकातल्या एका औषध कंपनीच्या जाहिरातीची करामत.

काढ्याचे म्हणाल, तर सुरुवातीला तो काढाच देत असे आणि तिथेच गणित चुकत होते. पाने वर्षात केव्हाही तोडलेली, म्हणून जोर कमीजास्त. उकळण्यात गुण जातो ही शंका वेगळीच. त्यात मात्रा मोठ्या आणि घाईघाईने एकीवर एक दिलेल्या. पुढे त्याने झाड फुलोऱ्यावर येतानाच पाने तोडायची असे ठरवले. देठ आणि मधली शीर काढून टाकायची. बाकीचे पान उन्हात किंवा विस्तवासमोर पत्र्यावर वाळवायचे. ते चोळले की सुरेख हिरवे चूर्ण होते आणि वजन ताज्या पानाच्या एक पंचमांशाहूनही थोडे कमी भरते. मोठ्या माणसाला १ ते ३ ग्रेन, दिवसातून दोनदा. ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या निम्म्याच्या आसपास.

पातळ औषध हवे असेल तर फांट, म्हणजे पाने न उकळवता गरम पाण्यात भिजवून काढलेला अर्क. वाळलेली पाने १ ड्रॅम, म्हणजे ६० ग्रेन, अर्धा पाइंट, म्हणजे ८ औंस, उकळते पाणी ओतून चार तास ठेवायची, गाळायची आणि त्यात १ औंस मद्यार्क असलेले पाणी घालायचे. मात्रा १ औंस, दिवसातून दोनदा. हिशेब केला तर एका मात्रेमागे ७ ग्रेनच्या आसपास पान पडते, चूर्णाच्या दुपटीहून जास्त. बराचसा अर्क चोथ्याबरोबर फेकला जात असणार.

लेखात औषध कधी थांबवायचे याचा उल्लेखच नाही. विदरिंगच्या १७८५ च्या पुस्तकात १६३ रोग्यांच्या नोंदी आहेत, फसलेल्या उपचारांसकट, आणि त्यातून निघालेला नियम असा: लघवी, पोट, नाडी, आतडी यांपैकी कशावरही पहिला परिणाम दिसला की औषध बंद. उलटी होईपर्यंत रेटायचे नाही, कारण मळमळ कित्येक तासांनी उठते आणि लघवी कधी कधी त्यानंतर काही दिवसांनी सुटते. पानातले डिजिटॉक्सिन हे मुख्य औषधी द्रव्य निम्मे बाहेर पडायलाच आठवडाभर लागतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. कालचे औषध अंगात असतानाच आजचे त्यात भरत जाते. मात्रा चढली की वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसतात, चक्कर येते, नाडी मिनिटाला ३५ वर उतरते, थंड घाम, झटके, शेवटी मृत्यू.

आणि जलोदर हा काही एक रोग नव्हे. धाप, फिकट चेहरा, निळसर ओठ, गार कातडी, अशक्त किंवा मध्येच ठोका चुकणारी नाडी, पायावर बोट दाबले की राहणारा खळगा: अशा माणसाला गुण येई. हे वर्णन सरळसरळ थकलेल्या हृदयाचे आहे. लालबुंद, दणकट, ताठ नाडीच्या माणसाला क्वचितच, आणि अंडाशयाच्या जलोदरात तर काहीच नाही. या औषधाची हृदयावर विलक्षण सत्ता चालते, असे विदरिंगने स्वतः लिहिले, तरी त्याच्या लेखी ते मुख्यतः लघवीचेच औषध राहिले! त्या काळचे इतर उपाय म्हणजे रक्त काढणे, जालप या मुळीचे जुलाब, आपल्या कोळकांद्याच्या भाऊबंदातला स्क्विल हा कंद, नाहीतर पोटाला भोक पाडून पाणी काढणे. ते पाणी पुन्हा भरायचे.

लेखाच्या शेवटी कण्हेरीतही हेच गुण असल्याचे सुचवले आहे. द्रव्यांची जातकुळी तीच. पण एका पानात ते किती आहे हे घरी मोजता येत नाही आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिया खाऊन माणसे दगावतात. पुढच्या रविवारी त्याच पानावर ठळक चौकट टाकून, कण्हेरीची पाने किंवा बिया कोणीही उकळू नयेत, एवढे छापावे ही विनंती.

आपला,
औषधनिर्माणशास्त्राचा एक अध्यापक, पुणे