साठ दिवसांचे मौन: मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या श्रावणात आमच्या गेटवर येऊन "एकाही कामगाराची भाकरी जाऊ देणार नाही" असा शब्द आपण दिला होता, आणि परवा त्याच गेटवर कारखाना कायमचा बंद झाल्याची नोटीस लागली. चाकणच्या या कारखान्यात मी १९ वर्षे प्लास्टिकचे भाग घडवणाऱ्या मोल्डिंग विभागात सेटर, म्हणजे यंत्रावर साचे (मोल्ड) बसवून जुळवणारा, होतो. आमचे काम आता व्हिएतनामला गेले.

३०० किंवा त्याहून अधिक कामगारांचा कारखाना सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय बंद करता येत नाही, यावर आम्ही विसंबून होतो. पण कंपनीने अर्ज केल्यापासून ६० दिवसांत सरकारने निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असेच मानतात, आणि जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातील ही पळवाट २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ठेवली आहे, हे नोटीस लागल्यावर कळले. आपण होय म्हटले नाही, नाही म्हटले नाही, आणि आमचे ४१२ संसार उघड्यावर आले.

त्या ६० दिवसांत मी व्हिएतनामहून आलेल्या सहा तरुणांना काम शिकवत होतो. पावसाळ्यात प्लास्टिकचा दाणा नीट वाळवला नाही तर भागावर रुपेरी चट्टे येतात, कोणता मोल्ड किती तापला की माल चिकटतो, हे सारे मी माझ्या वहीत लिहून ठेवले होते; तिच्या पानापानाचे फोटो काढून नेले. त्या मुलांवर माझा राग नाही. मोल्डच्या पेट्यांना खिळेही आमच्याच हातांनी ठोकून घेतले, हे मात्र विसरता येत नाही.

भरपाई वर्षाला १५ दिवसांचा पगार, म्हणजे माझे २८५ दिवस, ग्रॅच्युइटी वेगळी. घराचे हप्ते अजून अकरा वर्षे आहेत, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि ४६ व्या वर्षी मला कायम कोण करणार? ठेकेदाराकडच्या मुलांचे तर कोणत्याच यादीत नाव नव्हते.

उद्योगांसाठी आमच्या आईबापांच्या जमिनी घेतल्या, सामूहिक प्रोत्साहन योजनेतून कंपन्यांना सवलती दिल्या, सामंजस्य करार झाला की येणाऱ्या नोकऱ्यांचे आकडे पहिल्या पानावर छापले. गेलेल्या नोकऱ्यांचा आकडा कोणत्याही पक्षाच्या सरकारने तसा छापलेला मी पाहिला नाही. उलट परवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. शेजारच्या दीडशे माणसांच्या कारखान्याला आता विचारण्याचीही गरज नाही.

कंपनीच्या बंदीच्या अर्जावर सुनावणी झाली का, कोणत्या तारखेला, आणि कामगारांतर्फे कोणाला बोलावले होते, एवढे लेखी कळवावे. उरलेले आठ मोल्ड अजून आवारात आहेत. फेरविचार होईपर्यंत ते बाहेर जाऊ देऊ नयेत.

आपला,
बंद कारखान्यातील एक सेटर, चाकण