नामिबियाची सहल विंडहूकमध्येच बिघडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांच्या तोंडावर नामिबियाच्या सहलींचे जे आराखडे छापून येतात, त्यांत राजधानी विंडहूकच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते : ‘विमानतळावर गाडी घेऊन सोसुसफ्लेकडे (वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्यांकडे) प्रस्थान’. सप्टेंबर २०२२मध्ये कुनोचे आठ चित्ते याच शहरातून विमानाने आले, तेव्हा नामिबिया आपल्याकडे घरोघरी पोहोचला. विंडहूक मात्र विमानतळापुरतेच राहिले. सहली फसतात त्या या एका ओळीमुळे.

होसेआ कुटाको विमानतळ शहराच्या पूर्वेला सुमारे ४५ किमीवर आहे. पासपोर्ट, सामान, गाडीचे कागद यांत दोन तास सहज जातात. पुढे सेसरिमपर्यंत, म्हणजे सोसुसफ्लेच्या प्रवेशद्वारापर्यंत, साडेतीनशे किमीच्या आसपास अंतर आणि त्यातला बराच भाग खडीचा. जून-जुलैत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि कुडू रस्त्यावर येऊ लागतात. हे हरीण उंच. नर दोन-अडीचशे किलोचा. धडक बसली की पाय बॉनेटवर आपटतात आणि धड काच फोडून आत येते. भाड्याच्या गाडीचा विमा रात्रीच्या अपघाताला बहुधा लागू नसतो, तो याचसाठी. पहिली रात्र विंडहूकमध्ये काढावी. खरे तर दोन.

गाडी दिवसाउजेडी ताब्यात घ्यावी. स्टेपनी दोन मागाव्यात आणि त्या नुसत्या मोजू नयेत : हवा पाहावी, जॅक आणि पाना बाहेर काढून एक नट सैल करून बघावा. काचेवरचे चरे फोटोसह कागदावर नोंदवून घ्यावेत, कारण टायर, काच आणि गाडीचा तळ साध्या विम्यात सहसा येत नाहीत. डांबरावरची हवा खडीवर जास्त होते. ती किती कमी करायची, हे गाडीवाल्याकडूनच लिहून घ्यावे. खडीवर कायद्याने १०० चा वेग चालतो, पण ७०-८० पुरे. गाड्या उलटतात त्या बहुतेक वेळा समोरून कोणी न येताच. चाक कडेच्या सैल खडीत जाते, चालक दचकून स्टिअरिंग फिरवतो किंवा ब्रेक दाबतो आणि गाडी आडवी होते. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून वर्षभरासाठी मिळतो. तो आणि मूळ लायसन्स दोन्ही जवळ हवेत.

शहरातल्या पार्किंगमध्ये रिमोटचे बटण दाबून पाठ फिरवू नये. चोर रिमोटचा सिग्नल अडवतात. आपल्याला वाटते गाडी लॉक झाली, प्रत्यक्षात ती उघडीच राहते. हँडल ओढून पाहिल्याशिवाय हलू नये.

कागदपत्रांत दोन खाचखळगे आहेत. मुले बरोबर असतील तर आई-वडील दोघांची नावे असलेला जन्मदाखला लागतो. एकच पालक असेल तर दुसऱ्याचे संमतीचे प्रतिज्ञापत्रही. जोहान्सबर्गमार्गे जाताना दोन स्वतंत्र तिकिटे काढली, तर सामान घ्यायला दक्षिण आफ्रिकेत शिरावे लागते आणि तेथला व्हिसा लागतो. एकाच तिकिटावर सामान थेट विंडहूकला जाते.

पाण्याचे खोके उचलून नेणाऱ्यांची मात्र गंमत वाटते. विंडहूकच्या नळाचे पाणी पिण्याजोगे आहे आणि त्यातला काही भाग शहराच्याच सांडपाण्यातून येतो. पाऊस वर्षाला जेमतेम ३५०-३७० मिमी, बारमाही नद्या शेकडो किमी दूर. म्हणून १९६८ साली गोरेआंगाब येथे सांडपाणी थेट पिण्यायोग्य करणारा जगातला पहिला प्रकल्प सुरू झाला. २००२चा नवा प्रकल्प दिवसाला सुमारे २.१ कोटी लिटर पाणी देऊ शकतो. कारखान्यांचे पाणी आधीच वेगळे काढतात. घरगुती पाण्यावर ओझोन, कार्बन, सूक्ष्म गाळणी, क्लोरीन असे एकामागून एक संस्कार करतात आणि मग ते धरणाच्या पाण्यात मिसळतात. आपल्या नगरपालिकांनी सहलीला जायचेच असेल, तर येथे जावे.

दुसऱ्या दिवशी शहर पायी पाहावे. १९१०चे क्रिस्तुसकिर्चे हे चर्च, संसदेची टिंटेनपालास्ट ही इमारत आणि २०१४ साली उघडलेले स्वातंत्र्य संग्रहालय पायी काही मिनिटांच्या टप्प्यात आहेत. उत्तर कोरियाच्या कंपनीने बांधलेल्या या संग्रहालयाला लोक ‘कॉफी मशीन’ म्हणतात. त्यानंतर स्थानिक माणसासोबत काटुतुरा हे उपनगर गाठावे. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांना त्यांच्या जुन्या वस्तीतून हुसकावण्याला विरोध करणाऱ्यांवर १० डिसेंबर १९५९ रोजी गोळीबार झाला, ११ माणसे मेली. उरलेल्यांना येथे आणून वसवले. या नावाचा अर्थच ‘जिथे आम्हाला राहायचे नाही’ असा. सिंगल क्वार्टर्स बाजारात निखाऱ्यावरचे गोमांस, म्हणजे कापाना, मिळते. ते न खाणाऱ्यांनी महांगूचे घट्ट पीठ मागावे. महांगू म्हणजे आपली बाजरीच.

आपल्या गीझरच्या जाड तीन पिनांचा प्लग तेथल्या सॉकेटात साधारणपणे बसतो, मोबाइलचा बसत नाही, अ‍ॅडॅप्टर न्यावा. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांची किंमत सारखीच; रँड नामिबियात चालतो, डॉलर मात्र सीमेपलीकडे कोणी घेत नाही. शेवटच्या दिवशी सुट्टे परत घेताना रँड मागावेत आणि उरलेले डॉलर पेट्रोल भरताना संपवावेत.

आपला,
एक वाचक, ठाणे