जैसलमेरला जाताना: आधी वाळूवरची संध्याकाळ ठरव

नाशिक,
6 ऑक्टोबर

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला बेत वाचला. डिसेंबरात चार दिवस, तिघी जणी. जोधपूर, जैसलमेर, तनोट, लोंगेवाला आणि जमलंच तर उदयपूर. कागदावर झकास दिसतं. प्रत्यक्षात चार दिवस गाडीच्या काचेतून खेजडीची झाडं मोजत परत याल. फोनवर सांगायला गेलं की तुझं "हो गं आई" सुरू होतं, म्हणून लिहूनच पाठवते.

एकच गाव धर, जैसलमेर. आणि तिथलीही वाळूवरची संध्याकाळ आधी ठरव. किल्ला, हवेल्या, तलाव हे सकाळी बघ, दुपारी बघ, काही बिघडत नाही. वाळूला मात्र दिवसात दोनच वेळा आहेत, सूर्य मावळताना आणि उगवताना. ती संध्याकाळ हुकली तर एवढ्या लांब जाऊन तंबूतलं जेवणच पदरात पडतं. म्हणून तारीख, गाडी, हॉटेल सगळं त्या एका संध्याकाळपासून उलटं मोजत यायचं.

तारखेसाठी कालनिर्णय उघड. आकाशगंगा बघायची असेल तर अमावास्येच्या आगेमागे दोन-तीन दिवस, चांदण्यात वाळूवर चालायचं असेल तर पौर्णिमेच्या आसपास. दोन्ही एकदम मिळत नाही. मी तुझ्या जागी असते तर अमावास्या धरली असती. आजी अमावास्येला प्रवास नको म्हणणार. तिला सांग, निघणार त्रयोदशीला आहोत, अमावास्येला नुसती वाळूवर बसणार आहे. नाताळ ते 1 जानेवारी हा आठवडा मात्र टाळच. तेव्हा दर दुप्पट होतात आणि डीजे मध्यरात्रीपर्यंत चालतो.

आता जायचं कसं. नाशिकरोडहून जैसलमेरला थेट गाडी नाही. सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे सकाळची पंचवटी एक्सप्रेस, दादरला उतरायचं, पश्चिम रेल्वेची फास्ट लोकल पकडून बोरिवली आणि तिथून दुपारची सूर्यनगरी एक्सप्रेस. ती दुसऱ्या दिवशी पहाटे जोधपूरला सोडते. सूर्यनगरी सुटते बांद्रा टर्मिनसहून, पण तिथे जाऊ नकोस. लोकलचं बांद्रा स्टेशन वेगळं आणि टर्मिनस वेगळं; सामान घेऊन त्या मधल्या रस्त्यावर हमखास धावपळ होते. बोर्डिंग बोरिवलीचंच टाक. पंचवटी कसारा घाटात अडकली तरी हातात तास-दीड तास उरला पाहिजे.

आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस धरायचा नाही. उघडतं त्याच सकाळी 8 वाजता बस. ऑनलाइन काढलेलं तिकीट शेवटपर्यंत वेटिंगवर राहिलं तर आपोआप रद्द होतं आणि त्यावर आरक्षित डब्यात चढता येत नाही, म्हणून "होईल कन्फर्म" या आशेवर हॉटेलचे पैसे भरू नकोस. बांद्रा टर्मिनसहून जैसलमेरपर्यंत थेट जाणारी साप्ताहिक गाडीही आहे. तिचा वार जुळला तर सोन्याहून पिवळं, पण तिच्यासाठी अमावास्या सोडू नकोस. दुसरी वाट ओझरहून विमानाने अहमदाबाद आणि साबरमतीहून रात्रीच्या गाडीने जैसलमेर. खर्च वाढतो, मुंबईची दगदग वाचते. जैसलमेरच्या विमानतळावर उड्डाणं मुख्यतः हिवाळ्यातच असतात. शिवाय हा सीमेवरचा जिल्हा. मे 2025 मध्ये तिकडचे विमानतळ काही दिवस बंद ठेवले होते. म्हणून हॉटेल घेताना रद्द केल्यावर पैसे परत मिळतील असंच घ्या.

जोधपूरहून जैसलमेर रस्त्याने सुमारे 280 किलोमीटर, पाच तास धर. रस्ता सरळ आणि चांगला आहे, चालकाला झोप येते ती त्यामुळेच. पोखरणला थांबून चहा घ्या, त्यालाही पाजा. तिघींत मिळून टॅक्सी परवडते. ठरवताना जाऊन-येऊन, टोल आणि चालकाची रात्र धरून एकच आकडा मागायचा आणि तो मेसेजवर लिहून घ्यायचा.

पहिल्या दिवशी दुपारी पोचाल. त्या दिवशी वाळूकडे धावायचं नाही. थकलेल्या अंगाने साडेचारला गावातून निघालात तर वाळूवर धड बसायच्या आतच सूर्य मावळेल. गडीसर तलावावर जा, टिलों की पोळ नावाच्या कमानीखालून आत शिरा आणि पायऱ्यांवर बसा. हा तलाव चौदाव्या शतकात बांधून काढला. वर्षाला 200 मिलिमीटरसुद्धा पाऊस न पडणाऱ्या गावाची तहान त्याने भागवली. आपल्या इगतपुरीत एका वर्षात 3000 च्या वर पडतो, यावरून अंदाज कर.

मुक्काम किल्ल्याच्या आत करू नका, हे मी आग्रहाने सांगते. 1156 मध्ये रावळ जैसलने वसवलेला हा किल्ला आजही राहता आहे, आत घरं, दुकानं, देवळं आहेत. पूर्वी पाणी खालून भरून आणत, त्यामुळे सांडपाणीही बेताचंच असे. नळ आले, हॉटेलांची न्हाणीघरं झाली आणि गटारांतून झिरपणारं पाणी खालच्या चिकणमातीत मुरायला लागलं. पाया भुसभुशीत झाल्याने बुरूज आणि तटाचे भाग ढासळले आहेत. 2013 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला तरी हे दुखणं तसंच आहे. आणि व्यवहाराने बघितलं तरी किल्ला दिसतो तो बाहेरून. किल्ल्यासमोरच्या एखाद्या हॉटेलची गच्ची घ्या, पिवळ्या दगडाचे 99 बुरूज तिथून उन्हाबरोबर रंग बदलताना दिसतील. वर गाडी जात नाही, चाकाची बॅग फरसबंद चढावर ओढताना हात गळून येतात, हे वेगळंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी 8 ला किल्ल्यात शिरा, अखय पोळ नावाच्या दरवाज्यातून. आधी जैन मंदिरं, कारण बाहेरच्यांना साधारण दुपारपर्यंतच सोडतात. चामड्याचा पट्टा, पर्स हॉटेलवरच ठेवा. किल्ल्याच्या दाराशी सरकारमान्य भांगेचं दुकान आहे. तुम्ही मोठ्या आहात, मी काही म्हणत नाही, पण त्याच दिवशी उंटावर बसायचं आहे एवढं ध्यानात असू दे. मग पटवांची हवेली. ती एक नाही, पाच आहेत, आणि तिकिटं वेगवेगळी. दारातला माणूस "हीच खरी" म्हणून आत ओढतो. सरकारी कोणती ते विचारून घ्या. नथमलची हवेली मी तरी चुकवली नसती. दोन भावांनी तिची एकेक बाजू कोरली. लांबून दोन्ही बाजू सारख्या वाटतात, जवळ जाऊन एकेक कोनाडा पडताळला की जुळत नाहीत.

अडीचला जेवून गाव सोडा. इथे तुला वाळूच्या दोन जागांतून निवड करायची आहे. सम पश्चिमेला सुमारे 40 किलोमीटर, खुरी नैऋत्येला, जवळपास तेवढंच. समला वाळूच्या टेकड्या मोठ्या, पण गर्दी, जीपा आणि मक्याच्या कणसांच्या गाड्याही तितक्याच. खुरीला टेकड्या थोड्या लहान, गाव लागून आणि शांतता पुष्कळ. मी खुरी सुचवेन. पण पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेलं कुलधरा गाव समच्या बाजूला आहे. खुरीला जायचं तर ते सोड, दोन्ही करायला गेलात की संध्याकाळ हातची जाते. डिसेंबरअखेर तिथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, साडेचारला सामान तंबूत पडलेलं हवं.

समच्या रस्त्यावर मोटरसायकलवाले गाडी थांबवून "तुमचा कॅम्प बंद आहे, आमच्याकडे चला" म्हणतात. काच खाली करायची नाही, आधी कॅम्पला फोन करायचा. कॅम्प ठरवतानाच विचारून घ्या: वाळू चालत किती मिनिटांवर, उंट आणि जीप पैशांत धरली आहे का आणि ती माणशी की गाडीमागे, गरम पाणी किती वाजता, पांघरुणं माणशी किती, गाणी कधी बंद होतात. "ड्यून व्ह्यू" लिहिलेले कित्येक तंबू वाळूपासून दीड-दोन किलोमीटरवर डांबरी रस्त्याला लागून असतात. नकाशावर उपग्रहाचं चित्र लावून बघ, लगेच कळतं.

जीपमध्ये मागे उभं राहून लोखंडी दांडा धरायला लावतात आणि टेकडीवरून खाली सोडतात. तुझ्या कंबरेचं दुखणं बघता तू बसूनच राहा, किंवा जाऊच नकोस. उंट मागच्या पायांवर आधी उठतो, म्हणून स्वार पुढे फेकला जातो; बसताना पुढचे गुडघे आधी मोडतो, तेव्हाही तेच. दोन्ही वेळा मागे रेलायचं आणि खोगिराची मूठ सोडायची नाही. फोन तेवढा वेळ खिशात, चेन लावून.

टेकडी चढताना वाऱ्याकडची सौम्य बाजू धर आणि माथ्याच्या धारेने वर जा. दुसरी बाजू सरळ घसरती असते, पाऊल टाकलं की अर्धं मागे येतं. आणि खरे फोटो सकाळचे. रात्रीच्या वाऱ्याने आदल्या दिवसाची पावलं पुसलेली असतात, तिरप्या उन्हात वाळूवरच्या बारीक लाटा उठून दिसतात, किड्यांच्या पायांची रांगसुद्धा शिवणीसारखी दिसते. सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो, सातला वर बसा. लेन्स वाळूत बदलायची नाही, फोन झिपच्या पिशवीत. तुझ्या मैत्रिणीने कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा आणावा. ड्रोन आणूच नका, सीमा जवळ आहे.

थंडीचं मनावर घे. दिवसा 23-24 अंश असतं म्हणून पोरी एका जॅकेटवर जातात. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्याने सूर्य गेला की वाळू झपाट्याने उष्णता सोडते, पहाटे पारा एक आकडी होतो. निफाडला शेकोट्या पेटवायच्या दिवसांतली पहाट आठव, आणि त्यात अडवायला एकही झाड नसलेला वारा धर. आत थर्मल, वर स्वेटर, मग वारा न शिरणारं जॅकेट, कानटोपी आणि मोज्यांचे दोन जोड. वाळूवर पट्ट्याच्या चपला, तंबूत बंद बूट. नाक आणि ओठ फुटतात, व्हॅसलीन जवळ ठेवा. तहान लागत नाही तरी पाणी पीत राहा.

जेवणात केर-सांगरी, गट्टे आणि बाजरीचा सोगरा म्हणजे भाकरी मागा. दालबाटी रात्री बेतानेच खा, तुपात बुडवलेल्या दोन बाट्यांनंतर पहाटे सातला टेकडी चढवत नाही.

तनोट आणि लोंगेवाला या खेपेला सोड. तनोट एका बाजूला सुमारे 120 किलोमीटर, अख्खा दिवस जातो. लोंगेवाला ही 1971 च्या लढाईची जागा, ती घाईने बघण्यासारखी नाही, एक दिवस वाढवून मिळाला तरच. माळढोकही असाच. आपल्याकडे सोलापूरच्या नान्नजला ज्यासाठी अभयारण्य केलं तो पक्षी तिकडे थोडा तरी उरलाय, पण त्याला जीपच्या धुरळ्यात शोधायचं नसतं.

तिसऱ्या सकाळी साडेआठला तंबू सोडा, साडेदहाला जैसलमेरहून निघा, चारपर्यंत जोधपूर. सूर्यनगरी संध्याकाळी सुटते. परतीला बोरिवलीपर्यंत यायची गरज नाही. सकाळी वापीला उतरून कपराडा-पेठ मार्गे दुपारपर्यंत घरी येता येतं. घाटरस्ता आहे, दिवसाच ठीक. गाडी फार उशिरा असेल तर मात्र मुंबईलाच जा आणि सव्वासहाच्या पंचवटीने या.

तिकिटं झाली की पीएनआर आणि कॅम्पचा नंबर दोन्ही पाठव. वापीला गाडी घेऊन यायचं का हे बाबांना आठवडाभर आधी कळलं पाहिजे, नाहीतर ते रोज विचारतील.

तुझी,
आई