सांगोल्याचे दोन पराभवही लिहा

सांगोला विधानसभा मतदारसंघाच्या आजवरच्या आमदारांवरील लेख वाचला. गणपतराव ऊर्फ आबासाहेब देशमुख ११ वेळा निवडून आले हा विक्रम त्यात ठळकपणे आला; १९७२ आणि १९९५ चे पराभव मात्र एका वाक्यात उरकले, ते खटकले. १९६२ पासून निवडून दिलेल्या आबासाहेबांना याच मतदारांनी दोनदा घरी बसवले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत व १९९९ मध्ये पुन्हा विधानसभेत पाठवले. मतदारसंघ कुणाच्या नावावर लिहून दिलेला नव्हता. २०१९ मध्ये ते उभे राहिले नाहीत, तेव्हा त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाची जागा अवघ्या ७६८ मतांनी गेली. २०२४ मध्ये नातू बाबासाहेब यांनी ती परत मिळवली.

एसटीत आमदारांसाठी राखीव आसन असते. त्यावर खरोखर बसलेला आमदार मी एकच पाहिला: आबासाहेब, मांडीवर कागदांची पिशवी घेतलेले. अशा माणसालाही लोकांनी का नाकारले, हे कळायला हवे. १९७२ ला मतदान केलेली माणसे आता पंचाहत्तरीला टेकली आहेत. ती आहेत तोवर त्यांना विचारून हा भाग जरूर छापावा.

– एक मतदार, सांगोला