घरी सोडण्याआधी बाळाच्या पायालाही ऑक्सिजन मोजणारा प्रोब लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘दूध ओढत नाही, नुसतं दमतंय, दृष्ट लागली असेल’ असं म्हणत पाचवीच्या सुमाराला परत आणलेली बाळं मी नोकरीत बऱ्याचदा पाहिली. मीठ-मोहऱ्या उतरून झालेल्या असत. त्यांतल्या काहींना हृदयाचा जन्मजात दोष निघे. घरच्यांना बोलण्यात अर्थ नाही. डिस्चार्जच्या वेळी बाळ गुलाबीच दिसत होतं.

पोटात असताना हृदयाजवळची एक रक्तनलिका उघडी असते, ती जन्मानंतर काही दिवसांत मिटते. दोन्ही मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेल्या किंवा तशाच काही गंभीर दोष असलेल्या बाळांचा जीव याच नलिकेवर टिकून असतो. (हृदयाच्या पडद्यातलं छोटं भोक बरेचदा आपोआप बुजतं, त्याचा बाऊ नको.) आणि रक्तातला ऑक्सिजन ८५ टक्क्यांवर आला तरी सावळ्या बाळाचा निळेपणा नुसत्या डोळ्यांना सहज कळत नाही.

म्हणून जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर (त्वचेवरूनच रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) लावायचा. एकीकडे जरी आकडा ९० च्या खाली आला तर लगेच बालरोगतज्ज्ञ आणि इको (हृदयाची सोनोग्राफी). दोन्हीकडे ९५ च्या आत किंवा दोन्हींत ३ पेक्षा जास्त फरक असेल तर तासाभराने पुन्हा. कोरोनात घरोघरी आलेलं बोटाचं यंत्र इथे चालत नाही, बाळाला पट्टीचा प्रोब लागतो. महाधमनी अरुंद असलेलं बाळ यातूनही निसटू शकतं, त्यासाठी जांघेतली नाडी चाचपावीच.

दोष वेळेत कळला तर प्रोस्टाग्लँडिनच्या ड्रिपवर नलिका उघडी ठेवून बाळ कोल्हापूरहून पुण्याला नेता येतं. मात्र या औषधाने श्वास थांबू शकतो, त्यामुळे सव्वादोनशे किलोमीटरच्या प्रवासात श्वास सांभाळणारं माणूस सोबत हवं. नुसती गाडी मिळाली म्हणून निघू नये. खर्चासाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, महात्मा फुले योजनाही आहे. पण दोष सापडला तर पुढचं.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने गगनबावडा, चंदगडपर्यंतच्या प्रत्येक प्रसूतिकेंद्रात आणि शहरातल्या खासगी प्रसूतिगृहांनीही डिस्चार्ज कार्डावर हे दोन आकडे लिहिण्याची सक्ती करून घ्यावी. तोवर बाळ-बाळंतिणीला घरी नेताना नातेवाइकांनीच विचारावं : हाताचा किती आला, पायाचा किती?

— एक निवृत्त परिचारिका,
राजारामपुरी, कोल्हापूर