घड्याळ आल्यानंतरचे पत्र

देवगड, श्रावण

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पाऊस थोडा ओसरला असून मागच्या पडवीची गळती थांबली आहे. बाबांच्या गुडघ्याचे कसे आहे, ते ताईकडून कळवावे.

परवा फोनवर आईने विचारले, "काय रे, आता तरी झाले ना समाधान?" आणि मी घाईने हो म्हणून टाकले. ते उत्तर खरे नव्हते; घड्याळाची किंमतही मी खरी सांगितली नव्हती. चाळीस हजार नव्हे, पावणेचार लाख रुपये मोजून मी ते वापरलेले घड्याळ घेतले आहे. दोन हंगामांच्या आंब्यातून माझ्या वाट्याला आलेलेच ते पैसे आहेत, कर्ज काढलेले नाही. बाबा, रागवायचे असेल तर पत्र पुरते वाचून मग रागवावे.

ओमेगा कंपनीच्या या स्पीडमास्टर घड्याळाचा ध्यास मला नऊ वर्षे होता. रात्री जेवणे झाली की अर्धा तास मी त्याच्याविषयीच वाचत असे. १९६५ मध्ये नासाने अंतराळवीरांसाठी निवड करण्यापूर्वी ते ७१ अंश तापमानात ४८ तास आणि ९३ अंशांत अर्धा तास ठेवले होते, शिवाय ९५ टक्के दमट हवेत २४० तास (आपल्याकडे आषाढात याहून वेगळे काय असते!). पुढे १९६९ मध्ये ऑल्ड्रिन ते बांधून चंद्रावर उतरला, आणि आर्मस्ट्राँगने स्वतःचे यानातच ठेवले, कारण यानात बसवलेले घड्याळ बिघडले होते. हे सारे मला तोंडपाठ होते. कोणत्या वर्षीच्या तबकडीवर अक्षरे कशी असतात, हेदेखील.

घड्याळ आले. काच तिरपी धरली की मधोमध कोरलेले कंपनीचे इवलेसे चिन्ह दिसते. ते मी तीन दिवस आल्यागेल्याला दाखवले. चौथ्या रात्री जेवण झाल्यावर हात सवयीने मोबाइलकडे गेला आणि शोधण्यासारखे काही उरलेच नाही, हे लक्षात आले. इतके रिकामे मला घड्याळ नसताना कधी वाटले नव्हते. त्यात भीतीची भर पडली. जुन्या घड्याळाच्या आतल्या, पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यांचा भरवसा नाही, म्हणून चंद्रावर जाऊन आलेल्या जातीचे हे घड्याळ विजयदुर्गच्या धक्क्यावर जाताना मी कपाटात काढून ठेवतो.

गेल्या आठवड्यात विहिरीच्या चिऱ्यावर काच घासली गेली. ती प्लॅस्टिकची आहे. फुटली तरी तिचे तुकडे उडत नाहीत, हे अवकाशयानात सोयीचे. टूथपेस्ट लावून घासल्यावर बराचसा ओरखडा गेला, राहिलेला मी तसाच राहू दिला, आणि त्यानंतर मात्र ते बागेत घालून जाऊ लागलो.

नऊ वर्षांच्या वाचनात ज्याचा मला पत्ता नव्हता, ते सुख वेगळेच निघाले. सकाळी चहा उकळेपर्यंत त्याला चावी द्यायची, ती जड होऊ लागली की थांबायचे आणि कानाशी धरायचे. सेकंदाला सहा ठोके, पावसाच्या आवाजातही ऐकू येतात. एवढ्यासाठी पावणेचार लाख फारच झाले, हे मला पटते. तरीही ते विकावेसे वाटत नाही.

बाबा, गणपतीला याल तेव्हा एका सकाळी चावी तुम्ही द्यावी. किंमत मात्र ताईला कळू देऊ नये.

आपला,
धाकटा